रेघ बदलली, पण वाचायची कुणी?

आमच्या इंदूरच्या जुन्या घरात एखादी गोष्ट अडली की आजी देवापुढे चिठ्ठ्या टाकायची. एकीवर ‘होय’, एकीवर ‘नाही’. घरातल्या सर्वांत लहान मुलाने डोळे मिटून एक उचलायची. लहान अशासाठी की त्याचा कुठल्याच बाजूला ओढा नसतो. चिठ्ठी मनाविरुद्ध निघाली की आजोबा म्हणायचे, “एकदा नको, तीनदा टाकून बघू.” तीनदा टाकूनही नको तेच निघाले, तर मूळ प्रश्नच नीट विचारला गेला नव्हता असे ठरायचे. कोकणातून, गोव्याकडून आलेल्या मंडळींना देवळातला कौल ठाऊक आहे. पाकळी उजवी पडली की डावी, एवढेच तिथे पाहायचे असते. तरी ते पाहून सांगणारा कुणी तरी लागतोच.

कौल मिळणे सोपे असते, अवघड असते ते त्याचे वाचन. वाचणारा जर विचारणाऱ्याच्या पगारावर असेल तर आणखीच अवघड. ही अडचण जगात सर्वांत जास्त काळ आणि सर्वांत बारकाईने कुणी हाताळली असेल तर ती चिनी लोकांनी. त्यांच्या ‘यी चिंग’ या ग्रंथाचे नाव अलीकडे आपल्याकडेही ऐकू येते, बहुधा ‘आय चिंग’ असे. ‘यी’ म्हणजे बदल. चौ राजवंशाच्या काळात, म्हणजे ढोबळमानाने तीन हजार वर्षांपूर्वी, या ग्रंथाचा गाभा तयार झाला.

ग्रंथाची रचना शाळेत वृत्ते शिकलेल्या मराठी माणसाला चटकन कळेल. लघु आणि गुरू अशा दोनच मात्राचिन्हांनी सहा अक्षरांचा चरण भरायचा तर एकूण ६४ प्रकार होतात, हे पिंगलाच्या छंदःशास्त्रापासून आपल्याला माहीत आहे. चिनी ग्रंथातही दोनच चिन्हे आहेत, अखंड रेघ आणि मधोमध तुटलेली रेघ. अशा सहा रेघा एकावर एक रचल्या की एक आकृती होते. तिला आपण षड्‌रेखा म्हणू. षड्‌रेखाही ६४ भरतात. यावरून कुणी कुणाकडून काय घेतले असला वाद काढू नये, दोन गोष्टींच्या सहा जागा भरल्या की जगात कुठेही ६४ च येणार. प्रत्येक षड्‌रेखेला एक नाव आहे आणि एक छोटे वचन. त्याशिवाय तिच्या सहा रेघांपैकी प्रत्येकीला स्वतःचे वचन, म्हणजे एकूण ३८४ वचने. रेघा खालून वर मोजायच्या, हे लक्षात ठेवायचे.

आता यातली खरी गंमत. काड्या मोजून जी रेघ मिळते ती नुसती अखंड किंवा तुटक नसते, तिला एक अंकही असतो. सहा, सात, आठ किंवा नऊ. सात म्हणजे स्थिर अखंड रेघ, आठ म्हणजे स्थिर तुटक. नऊ ही अखंडच, पण ‘म्हातारी’ झालेली, पालटायला आलेली. ती पालटून तुटक होते. सहा ही तशीच म्हातारी तुटक, ती पालटून अखंड होते. म्हणजे एकाच प्रश्नाला दोन षड्‌रेखा हाती येतात, एक मिळालेली आणि दुसरी पालटून झालेली. कोणतीही षड्‌रेखा कोणत्याही षड्‌रेखेत पालटू शकते, तेव्हा जोड्या होतात ६४ गुणिले ६४, म्हणजे ४०९६. हान काळातला ‘यी लिन’ नावाचा एक ग्रंथ आहे, त्यात या प्रत्येक जोडीसाठी स्वतंत्र पद्य आहे. परंपरा तो च्याओ यानशौ या विद्वानाच्या नावावर लावते. एवढे उपद्व्याप करणाऱ्याला नमस्कारच केला पाहिजे.

काड्यांची रीत थोडक्यात सांगतो. यारो नावाच्या रानवनस्पतीच्या ५० सुक्या काड्या घ्यायच्या. एक बाजूला ठेवायची, उरल्या ४९. त्यांचे न मोजता दोन ढीग करायचे. उजव्या ढिगातली एक काडी डाव्या हाताच्या बोटांत अडकवायची. मग दोन्ही ढीग चार-चारने मोजायचे आणि उरलेल्या काड्या काढून ठेवायच्या. चारने पूर्ण भाग गेला तर शेवटच्या चार ‘उरल्या’ असे धरायचे. जमलेल्या काड्या पुन्हा एकत्र करून हेच आणखी दोनदा. तिसऱ्या फेरीअखेर हातात ३६, ३२, २८ किंवा २४ काड्या राहतात. त्यांना चारने भागले की ९, ८, ७ किंवा ६. ही झाली एक रेघ. सहा रेघांसाठी १८ फेऱ्या. शांतपणे केले तर सहज अर्धा तास जातो, आणि तेवढ्या वेळात विचारणाऱ्याचे डोके थोडे थंड होत असावे. पुढे लोकांना घाई झाली आणि तीन नाणी उडवून भागवायची पद्धत आली. पण नाण्यांत नऊ आणि सहा सारख्याच वेळा येतात, काड्यांत तसे नाही. तिथे सोळात तीनदा नऊ येतो आणि सहा फक्त एकदा. तुटक रेघ पालटायला अखंड रेघेपेक्षा जास्त अवघड, असे या रीतीचे गणित आहे.

एक रेघ पालटली तर वाचायचे काय हे उघड आहे, त्या रेघेचे वचन. एकही पालटली नाही तर षड्‌रेखेचे वचन. पण तीन पालटल्या तर? पाच पालटल्या तर? पहिली षड्‌रेखा खरी की दुसरी? इथे ग्रंथ गप्प आहे, आणि जिथे ग्रंथ गप्प असतो तिथे सांगणाऱ्याचे तोंड सुटते.

‘त्सो च्वान’ नावाचा एक प्राचीन चिनी इतिहासग्रंथ आहे. इ. स. पू. ७२२ पासून पुढच्या सुमारे अडीचशे वर्षांच्या राजकारणाचा तो वृत्तांत. त्यात काड्या टाकल्याचे वीसेक प्रसंग येतात. ते वाचताना एक गोष्ट मला फार खुपली. काड्या वाचणाऱ्या अधिकाऱ्याला चिनीत ‘शि’ म्हणत. दरबारच्या नोंदी लिहिणारा, म्हणजे इतिहास लिहिणारा, तोही ‘शि’ च. भविष्य सांगणे आणि भूतकाळ लिहिणे ही एकाच खात्याची कामे. आपल्या पेशवाईतल्या एखाद्या चिटणिसाकडे बखरही द्यावी आणि पंचांगही द्यावे, तसा प्रकार.

लू हे त्या काळचे एक राज्य, कन्फ्यूशिअसचा जन्म पुढे तिथेच झाला. तिथली राजमाता मू च्यांग. हिचा एका सरदाराशी संबंध होता आणि त्या दोघांनी राज्यातल्या दोन बड्या घराण्यांना उखडून टाकायचा घाट घातला. इ. स. पू. ५७५ मध्ये तिने आपल्याच मुलाला, म्हणजे गादीवरच्या राजाला, त्यासाठी भरीस पाडायचा प्रयत्न केला. तो चुळबुळ करू लागला तेव्हा त्याच्या सावत्र भावांकडे बोट दाखवून, राजा हेही होऊ शकतात, अशी धमकी दिली. कट फसला. सरदार पळून गेला आणि राजमातेची रवानगी पूर्वेकडच्या वाड्यात झाली. तिथे पाऊल ठेवताना तिने काड्या टाकायला लावल्या.

पहिली षड्‌रेखा आली ती ‘थांबणे’, म्हणजे डोंगरावर डोंगर. सहांपैकी पाच रेघा पालटणाऱ्या निघाल्या. स्थिर राहिली एकच, खालून दुसरी, तुटक, आठ अंकाची. ग्रंथात नोंद आहे ती ‘थांबण्याचा आठ’ अशीच. काड्यांच्या आज रूढ असलेल्या हिशोबाने पाच रेघा पालटायची वेळ साधारण २२८ प्रसंगांत एकदा येते. दरबारच्या ‘शि’ ने पाच रेघा पालटवून दुसरी षड्‌रेखा काढली. ती होती ‘अनुसरण’, कुणाच्या तरी मागून जाणे. तो म्हणाला, जाणे म्हणजे बाहेर पडणे, तेव्हा राणीसाहेब इथून लवकरच सुटणार.

कैदेत पडलेल्या माणसाला यापेक्षा गोड काय ऐकायला मिळणार? पण मू च्यांगने ते मानले नाही. ‘अनुसरण’ च्या वचनात शुभ सांगणारी चार अक्षरे आहेत आणि शेवटी दोष लागत नाही असे आश्वासन. राजमाता म्हणाली की ही चार अक्षरे म्हणजे चार गुण आहेत. गुण असलेल्यालाच ते आश्वासन लागू होते. मग एकेक गुण घेऊन तिने स्वतःला लावून पाहिला. मी राज्यात बंडाळी माजवली, तेव्हा पहिला नाही. राज्याला स्वस्थता दिली नाही, तेव्हा दुसरा नाही. स्वतःच्या करणीने स्वतःचाच घात केला, तेव्हा तिसरा नाही. पदाची मर्यादा सोडून नटण्यामुरडण्यात रमले, तेव्हा चौथा नाही. चारांतला एकही नसताना ‘अनुसरण’ माझे कसे? मी इथेच मरणार, बाहेर पडणार नाही.

ती तिथेच मेली, इ. स. पू. ५६४ मध्ये.

या प्रसंगाला दोन शेपटे आहेत. चार अक्षरांचे चार गुण हे जे तिने सांगितले, ते जवळजवळ शब्दशः ‘यी चिंग’ च्या एका पुरवणीत येते, आणि ती पुरवणी परंपरेने कन्फ्यूशिअसच्या नावावर आहे. कन्फ्यूशिअस जन्मला इ. स. पू. ५५१ मध्ये, म्हणजे राजमाता गेल्यावर तेरा वर्षांनी. अकराव्या शतकातला ओउयांग श्यू हा विद्वान याच विसंगतीवर बोट ठेवून म्हणाला की पुरवणी कन्फ्यूशिअसची असू शकत नाही. चीनमध्ये हे म्हणायला तेव्हा धैर्य लागत असणार. आजचे अभ्यासक आणखी पुढे जातात. त्यांच्या मते मूळ चार अक्षरांत गुणांचा काही संबंधच नव्हता. त्यातले शेवटचे अक्षर जुन्या हाडांवरच्या लेखांत ‘कौल विचारणे’ या अर्थाने येते, म्हणजे वचनाचा अर्थ एवढाच की कौल अनुकूल आहे. मू च्यांगने, किंवा तिच्या तोंडी हे घालणाऱ्या इतिहासकाराने, एका कोरड्या शेऱ्यातून आत्मपरीक्षण काढले.

दुसरे शेपूट चू शी याचे. याचा काळ इ. स. ११३० ते १२००. त्याने ११८६ मध्ये ‘यी’ च्या अभ्यासकांसाठी एक प्रवेशिका लिहिली, मदतीला त्याचा मित्र आणि शिष्य छाय य्वानतिंग होता. काड्यांची वर सांगितलेली रीत आज ज्या स्वरूपात चालते ती बव्हंशी याच पुस्तकामुळे. जुन्या ग्रंथात तिचा नुसता सांगाडा होता. पालटणाऱ्या रेघांचे काय वाचायचे याचे नियम चू शीने पहिल्यांदा स्वच्छ बांधून दिले. दोन रेघा पालटल्या तर दोन्हींची वचने वाचा, वरच्या रेघेला मान द्या. तीन पालटल्या तर दोन्ही षड्‌रेखांची वचने. चारच्या पुढे लक्ष दुसऱ्या षड्‌रेखेकडे वळते, पण आता पालटलेल्या नव्हे तर न पालटलेल्या रेघा बोलतात. चार पालटल्या तर उरलेल्या दोन स्थिर रेघा, त्यांत खालची मुख्य. पाच पालटल्या तर उरलेली एकुलती एक. सहाच्या सहा पालटल्या तर दुसऱ्या षड्‌रेखेचे वचन, फक्त सगळ्या अखंड आणि सगळ्या तुटक अशा पहिल्या दोन षड्‌रेखांसाठी ग्रंथातच वेगळी सोय आहे. यामागचा विचार मला सुरेख वाटतो. गर्दीत जो वेगळा दिसतो त्याला बोलू द्यायचे. सगळे स्थिर असताना एक हलला तर त्याचे ऐका, सगळे हलले असताना एक स्थिर राहिला तर त्याचे.

या नियमाने चू शीने राजमातेचा कौल पुन्हा वाचला. पाच पालटल्या, म्हणजे ‘अनुसरण’ मधली दुसरी रेघ वाचायला हवी होती. त्या रेघेचे वचन असे की पोराला धरून बसलेला माणूस मोठ्या पुरुषाला मुकतो. हे वाचून कैदेतून सुटकेची आशा कुणालाही वाटणार नाही. चू शीने स्पष्ट लिहिले की दरबारच्या ‘शि’ ने ही रेघ सोडून षड्‌रेखेचे गोड वचन पुढे केले, ते चूक होते. सतराशे वर्षांपूर्वीच्या सरकारी नोकराला त्याने खोटेपणाबद्दल धरले.

‘शि’ लोकांची आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. छी राज्यातला त्स्वेइ चू हा सर्वांत बलाढ्य मंत्री. एका अधिकाऱ्याच्या मरणाला भेटायला गेला आणि त्याच्या विधवेवर भाळला. तिचा भाऊ याच्याच पदरी होता. तो म्हणाला, हे जमणार नाही, आपले कुळ एक आहे. म्हणजे आपल्या भाषेत सगोत्र! त्स्वेइ चूने काड्या टाकल्या. ‘कोंडी’ नावाची षड्‌रेखा आली आणि तिची तिसरी रेघ पालटणारी होती. एकच रेघ, तेव्हा नियमाबद्दल शंकाच नव्हती. तिचे वचन असे की दगडाने अडला, काट्यांवर टेकला, घरात शिरला तर बायको दिसत नाही, अशुभ. तरीही सगळ्या ‘शि’ नी एकमुखाने सांगितले, शुभ आहे. छन वन्‌त्स नावाच्या दुसऱ्या एका मंत्र्याने वचन उघडून दाखवले. त्स्वेइ चू म्हणाला, ती विधवा आहे, हे संकट तिच्या पहिल्या नवऱ्यावर येऊन गेले. आणि लग्न केले.

पुढे छीचा राजाच तिच्याकडे येऊ-जाऊ लागला. इ. स. पू. ५४८ मध्ये त्स्वेइ चूने राजाला आपल्या वाड्यात गाठून मारवले. आता दरबारच्या मुख्य ‘शि’ ने नोंद केली की त्स्वेइ चूने आपल्या राजाचा खून केला. त्स्वेइ चूने त्याला ठार केले. त्याच्या धाकट्या भावाने तेच वाक्य लिहिले, तो मेला. त्याच्यानंतरच्या भावाने तेच लिहिले, तोही मेला. आणखी एक भाऊ होता. त्यानेही तेच लिहिले. तेव्हा त्स्वेइ चूने नाद सोडला. लग्नाच्या वेळी कौल गोड करून सांगणारे आणि एका वाक्यासाठी ओळीने मरणारे, दोघेही एकाच राज्यात, एकाच हुद्द्याचे! तीच माणसे होती असे मी म्हणत नाही. पण पुढचे सांगताना जीभ चळते आणि झालेले लिहिताना हात चळत नाही, असे का व्हावे, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. इ. स. पू. ५४६ मध्ये घरातल्या भाऊबंदकीत त्स्वेइ चूचा वाडा उद्ध्वस्त झाला, बायकोने गळफास घेतला. तो परत आला तेव्हा घरात ती नव्हती, घरच नव्हते. त्यानेही गळफास घेतला.

या कथा घटना घडून गेल्यावर लिहिल्या आहेत, तेव्हा भाकिते इतकी नेमकी जुळतात यात नवल नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याने त्यावर भुलू नये. उलट या कथांची भाषाच पाहिली तर वेगळे काही दिसते. ‘कोंडी पालटून दुसरी झाली’ असे आपण वाचतो, तिथे मूळ चिनीत फक्त ‘कोंडीची अमुक’ असे आहे. मधले ‘च’ अक्षर आपल्या ‘चा-ची-चे’ सारखे. त्याचा ‘जाणे’ असाही अर्थ होतो आणि जुन्या भाष्यकारांनी तोच धरला. काही आधुनिक अभ्यासक म्हणतात की ‘त्सो च्वान’ मध्ये रेघांना क्रमांक देण्याची चालच दिसत नाही. तेव्हा ‘कोंडीची तिसरी रेघ’ म्हणायचे तर त्या एका रेघेने वेगळी असलेली षड्‌रेखा शेजारी म्हणून सांगायची. जुन्या गल्लीत घरांना नंबर नव्हते तेव्हा आपण देशपांड्यांच्या शेजारचे घर म्हणत होतो ना, तसे. याला पुरावाही चांगला आहे. इ. स. पू. ५१३ च्या नोंदीत एक विद्वान ड्रॅगनविषयी बोलताना ग्रंथातल्या रेघांचे दाखले याच पद्धतीने देतो, आणि तिथे कुणी काड्या टाकलेल्याच नाहीत. एकच रेघ असेल तिथे हे पटते. मू च्यांगच्या पाच रेघांना मात्र ते पुरत नाही. तिथे आठचा अंक आणि पालटलेली षड्‌रेखा दोन्ही समोर आहेत.

जमिनीतून निघालेले पुरावे गुंता वाढवतात. १९७८ मध्ये चांग चंगलांग यांनी दाखवून दिले की चौ काळातल्या हाडांवर आणि काशाच्या भांड्यांवर कोरलेले सहा-सहा अंकांचे गट म्हणजे षड्‌रेखाच आहेत. म्हणजे आधी अंक होते, रेघा नंतर आल्या. छिंगह्वा विद्यापीठाकडे असलेल्या, इ. स. पू. ३०० च्या आसपासच्या बांबूच्या पट्ट्यांवर काड्यांच्या शकुनाची एक संपूर्ण पद्धत मिळाली, ती २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. ती ‘यी चिंग’ च्या वचनांवर चालतच नाही. अनेक रीती शेजारी शेजारी नांदत होत्या आणि त्यातली एक पुढे ‘ती’ रीत झाली. आपल्याकडे गणपती बसवण्याच्या घराघरांतल्या रीती पाहिल्या तर यात काही विशेष वाटू नये.

‘यी चिंग’ च्याच चौथ्या षड्‌रेखेत माझ्या आजोबांसाठी एक वचन आहे. पहिल्यांदा विचारलेत तर सांगेन, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा विचारलेत तर तो त्रास देणे झाले, मग सांगणार नाही, असा त्याचा आशय. नियम बांधणाऱ्या चू शीवर स्वतः विचारायची वेळ आली ती ११९५ मध्ये. दरबारात हान त्वोचौ याचे प्रस्थ वाढले होते आणि भल्या माणसांची हकालपट्टी चालली होती. चू शीने बादशहासाठी लांबलचक, झोंबणारे निवेदन लिहून काढले. शिष्य घाबरले, धाडू नका म्हणून विनवू लागले. तो ऐकेना. तेव्हा छाय य्वानतिंगने सुचवले की काड्या टाकून पाहू. षड्‌रेखा आली ‘माघार’.

चू शीने दुसऱ्यांदा काड्या टाकल्या नाहीत. काही न बोलता निवेदनाचा मसुदा जाळला आणि स्वतःला ‘माघारलेला म्हातारा’ असे नाव घेतले. त्याने छायला वाचवले नाही. छायला दूर दक्षिणेत हद्दपार केले गेले आणि ११९८ मध्ये तो तिथेच वारला. चू शी काड्यांचे हिशोब मांडून गेला असेल, पण १२०० मध्ये त्याने डोळे मिटले तेव्हा त्याच्या विद्येवर ‘खोटी विद्या’ म्हणून सरकारी बंदी होती.